अकरा मोसम, दहा जेतेपदं : छपराखालचा कोच रॉन न्यूमन, आणि आपला गोवा

तिस्क_फोंडा

नमस्कार मंडळी. जून उजाडला की मैदानं चिखलात जातात आणि आमची मुलं छपराखाली येतात. मग पालकांचा ठरलेला प्रश्न : "सर, आत खेळून मुलाचा खरा फुटबॉल बिघडणार नाही ना?" फोंडा परिसरात शाळकरी मुलांना पाच-पाचचा खेळ शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. यंदा उत्तरादाखल मी रॉन न्यूमनची कारकीर्द सांगायला सुरुवात केलीय. इथेही टाकतो. आपल्याकडे फुटबॉलच्या गप्पा म्हणजे ईपीएल आणि एफसी गोवा, बस्स. हा माणूस त्यात कधी येत नाही.

न्यूमन इंग्लंडचा, दक्षिण किनाऱ्यावरच्या फेअरमचा. पोर्ट्समथ, लेटन ओरिएंट, क्रिस्टल पॅलेस, जिलिंगहॅम ही त्याच्या क्लबांची यादी. गडी मेहनती होता, तारा नव्हता, हे यादीच सांगते. १९६७ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा नवा डाव मांडला गेला तेव्हा तो अटलांटाला गेला, तिथून डॅलस टोर्नेडोकडे. मालक लामार हंट, तेलवाल्या घराण्यातला. न्यूमन तिथेच कोच झाला आणि १९७१ ची एनएएसएल (उत्तर अमेरिकेतली तेव्हाची मोठी लीग) त्याने जिंकून दिली. त्या वर्षी उपांत्य फेरीतला रोचेस्टरविरुद्धचा एक सामना १७६ मिनिटं चालला. एका तिकिटात जवळजवळ दोन सामने! डॅलस तो सामना हरलं, मालिका मात्र जिंकलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये सेंट लुइसला हॉकीच्या रिंगणात चार संघांची एक छोटी छपराखालची स्पर्धा झाली होती. तीही डॅलसचीच. पुढे ज्या खेळाने न्यूमनला नाव दिलं, त्याची चव त्याने दहा वर्षं आधीच घेतली होती.

मधली वर्षं फोर्ट लॉडरडेलची, १९७७ ते १९७९. गोलमध्ये गॉर्डन बँक्स, एका डोळ्याची दृष्टी गेलेला, आणि तरीही १९७७ चा लीगमधला सर्वोत्तम गोलकीपर. पुढे जॉर्ज बेस्ट, गेर्ड म्युलर, तेओफिलो कुबियास. असली माणसं सांभाळणं काय असतं बघा : बेस्टला सामन्यातून बाहेर बोलावलं तर त्याने अंगातली जर्सी काढून न्यूमनवर भिरकावली. न्यूमनही काही साधा नव्हता. संघ सारखा हरत होता तेव्हा हा शववाहिकेतून मैदानात आला, शवपेटी मैदानाच्या मधोमध ठेवायला लावली आणि आतून उठून बसला. आम्ही अजून मेलेलो नाही, हे प्रेक्षकांना सांगायला.

१९८० मध्ये तो सॅन दिएगो सॉकर्सकडे आला आणि इथून खरी कहाणी.

ज्यांना हा अमेरिकन इनडोअर प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आइस हॉकीचं रिंगण घ्या, बर्फावर हिरवा कृत्रिम गालिचा अंथरा. चारी बाजूंना फळ्या. गोल भिंतीतच बसवलेला. गोलकीपर धरून सहा-सहा खेळाडू, पंधरा मिनिटांचे चार भाग, लाल चेंडू. फळीवर आपटलेला चेंडू खेळातच राहतो, त्यामुळे थ्रो-इनच्या निमित्ताने दम खायची सोय नाही. दांडगाई केली की दोन मिनिटं पेटीत बसायचं, तोवर आपला संघ एकाने कमी. खेळाडू बदलायचे ते खेळ चालू असतानाच, हवे तितक्या वेळा.

१९८१-८२ ते १९९१-९२ या अकरा मोसमांत न्यूमनच्या सॉकर्सनी दहा जेतेपदं घेतली. दोन एनएएसएलच्या इनडोअर मोसमांची, आठ एमआयएसएल या खास इनडोअर लीगची. मधलं एकच सुटलं, १९८६-८७ चं. ते डॅलस साइडकिक्सने नेलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून जरा रेंगाळतो. मोठ्या मैदानावर सामना सुरू झाला की कोचच्या हातात फार थोडं उरतं. ओरडायचं, मध्यंतराला फळा पुसायचा, तीन-चार बदल करायचे. छपराखाली तसं नाही. तिथे खेळाडूंचे गट असतात. एक गट मिनिट-दीड मिनिट जीव तोडून पळतो, मग दुसरा उतरतो. कधी उतरवायचा, समोरच्याचा कुठला गट आत असताना आपला कुठला सोडायचा, हे कोच सामनाभर ठरवत असतो. आपल्या खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या सखल शेतातल्या) मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी आठवा. भरती-ओहोटीचं गणित चुकलं की शेतात खारं पाणी. चेंडू आपल्या पायात नसताना गट बदलला तर तसंच होतं, समोरचे तीन आणि आपला एकटा गोलकीपर. न्यूमनच्या संघात युली वी, ब्रँको सेगोटा, पोलंडचा माजी कर्णधार काझिमिएझ डेयना, ब्रायन क्विन, पुढे स्टीव्ह झुंगूल अशी माणसं येत-जात राहिली. मोसमागणिक माणसं बदलली, जिंकणं चालू राहिलं. म्हणून मी म्हणतो, छपराखालच्या यशात कोचचा वाटा जास्त असतो.

पुढचं थोडक्यात. १९९२ मध्ये एमआयएसएल बंद पडली, त्याच वर्षी न्यूमनला अमेरिकेच्या नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. १९९३ मध्ये सॉकर्स दुसऱ्या लीगमध्ये अंतिम सामना हरले. १९९६ ला एमएलएस, म्हणजे अमेरिकेची आजची मुख्य लीग, सुरू झाली तेव्हा कॅन्सस सिटीचा मालक होता तोच लामार हंट, आणि पंचवीस वर्षांनी त्याने पुन्हा न्यूमनलाच बोलावलं. १९९७ मध्ये संघ पश्चिम गटात पहिला आला. १९९९ मध्ये नारळ मिळाला. २०१८ मध्ये न्यूमन गेला.

तर चर्चेला दोन प्रश्न. हा मोठा कोच म्हणायचा, की छोट्या खेळातला मोठा कोच? आणि अशी कारकीर्द गोव्यात कुणाची होऊ शकेल का?

पेडणेकर

पहिला मी! बाकी नंतर वाचतो, शवपेटीपाशीच अडकलोय. आमच्या वाड्यावरच्या संघाने हे केलं तर पाद्रीबाब आणि भटजी दोघांचीही माफी मागावी लागेल, आणि पेटीत बसलेल्याची आय त्याला घरात घेणार नाही ती वेगळी.

जुना_म्हापसेकर

लेख चांगला लिहिलाय, पण मी विरोधात. फळीवर आपटून येणारा चेंडू हा फुटबॉल नव्हे. फुटबॉलमध्ये रेषा असते, रेषेबाहेर गेला की तुमचा हक्क गेला. सहा माणसं, गालिचा, दर मिनिटाला नवा भिडू, ही करमणूक झाली.

कोच बघायचा तर आपल्याकडे बघा. आर्मांदो कुलासो. धेंपो क्लबला पाच वेळा देशाचं जेतेपद मिळवून दिलं : नॅशनल फुटबॉल लीग २००४-०५ आणि २००६-०७, मग आय-लीग २००७-०८, २००९-१०, २०११-१२. २००८ मध्ये एएफसी कपच्या (आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीपर्यंत नेलं. २०११ ला भारताचा कोच. २०२४ च्या पुरस्कारांत जीवनगौरव द्रोणाचार्य. हे सगळं उघड्या आभाळाखाली, फातोर्ड्याच्या उकाड्यात. त्यांच्यापुढे तुमचा गालिच्यावरचा न्यूमन कुठे बसतो?

आणि भुरग्यांचं (पोरांचं) म्हणाल तर आमची पिढी कापणी झालेल्या शेतात खेळली. चेंडू कुठे उडेल ते ढेकळं ठरवायची. नियंत्रण त्यातूनच आलं.

मडगांव_लोकल

@जुना_म्हापसेकर, आर्मांदोबाबांबद्दल शंभर टक्के सहमत. पण "आतला खेळाडू बाहेर चालत नाही" असं सुचवत असाल तर एक नाव देतो : प्रेकी.

युगोस्लाव्हियातून अमेरिकेत आला तो थेट छपराखाली, टकोमा स्टार्सकडे. १९८८-८९ चा एमआयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू. मग एमएलएस सुरू झाल्यावर कॅन्सस सिटीत, न्यूमनच्याच हाताखाली, १९९७ चा एमएलएसचा सर्वोत्तम खेळाडू. २००३ मध्ये पुन्हा तोच मान, वय चाळीस! आणि १९९८ च्या गोल्ड कपमध्ये (उत्तर आणि मध्य अमेरिकेकडच्या देशांची स्पर्धा) अमेरिकेने ब्राझीलला १-० हरवलं तो गोल कुणाचा? प्रेकीचाच. समोर तेव्हाचा जगज्जेता ब्राझील.

फळ्यांमध्ये वाढलेल्या डाव्या पायाने मारलेला गोल मोजायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

डिचोलीचा_रेफ्री

चर्चा पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरतो, कारण दोन वेगळे खेळ एकाच पिशवीत पडतायत.

न्यूमनचा तो अमेरिकन इनडोअर. आपल्याकडे नेटबीट लावून, एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) नावाने होतो तो फुटसाल. फुटसालला फळ्या नाहीत, बाजूला साधी रेषा. चाळीस बाय वीस मीटर मैदान, कठीण तळ, पाच-पाच खेळाडू, कमी उसळणारा चार नंबरचा चेंडू. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. बाहेरून चेंडू आत घ्यायला चार सेकंद. दर भागात एक मिनिटाचा टाइम-आउट. म्हणजे म्हापसेकर, तुमची रेषा फुटसालमध्ये जागेवर आहे!

कोचच्या दृष्टीने सगळ्यात वाईट नियम फाउलांचा. एका भागात संघाचे पाच थेट फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला भिंतीविना किक, दहा मीटरवरच्या ठिपक्यावरून. २०१८ च्या युरो फुटसालचा अंतिम सामना घ्या, ल्युब्लियानाला, पोर्तुगाल विरुद्ध स्पेन. २-२, जादा वेळ. पोर्तुगालचा रिकार्डिन्यो जखमी होऊन बाहेर. दुसऱ्या भागातले फाउल जादा वेळातही मोजतात, आणि शेवटचं मिनिट उरलेलं असताना स्पेनचा सहावा भरला. ब्रुनो कोएल्योने दहा मीटरवरून मारला, ३-२. स्पेनचा कोच तेव्हा काय करू शकत होता? काहीच नाही. जे करायचं ते चौथ्या फाउलला करायला हवं होतं. आमच्या तालुक्यातल्या स्पर्धांत मी बघतो, पाचवा फाउल झाल्याचं बेंचवर कुणाला ठाऊकच नसतं, आणि सहाव्याला शिट्टी वाजवली की शिव्या मला.

तिस्क_फोंडा

@डिचोलीचा_रेफ्री, बरं झालं फोड केलीत. पण याच्यातून एक गंमत निघते. आपल्याकडे गावोगाव निघालेले टर्फ आठवा. कृत्रिम गवत, चारी बाजूंनी जाळी, चेंडू जाळीला लागून परत येतो आणि खेळ चालू राहतो. हे फुटसालपेक्षा न्यूमनच्या खेळाला जवळचं आहे! आपली मुलं संध्याकाळी अमेरिकन इनडोअर खेळतात आणि स्पर्धेला फुटसालच्या नियमांत उतरतात. मग चेंडू रेषेबाहेर जातो आणि दोघेही जाळीची वाट बघत उभे.

म्हणून मी टर्फवर सरावातसुद्धा जाळीला लागला की चेंडू बाहेर धरतो. सुरुवातीला मुलं कुरकुरतात.

@जुना_म्हापसेकर, ढेकळांबद्दल मान्य. पण त्या शेतांत आता घरं उभी आहेत, बाब.

वाळपईची_शुभदा

मी फुटबॉलमधली नाही, धागा मुलाने दाखवला. तो बारावीला आहे, गुडघ्याला लागल्यापासून खेळ कमी झाला आणि आता म्हणतो फुटसालचा कोच होणार. ह्याचे बाबा म्हणतात आधी पदवी. तिस्क सर, खरं सांगा, यावर घर चालतं का? परीक्षा वगैरे असतात का? की कुणाच्या तरी ओळखीने शिट्टी गळ्यात येते?

तिस्क_फोंडा

शुभदाताई, खरंच सांगतो. नुसत्या फुटसालवर गोव्यात घर चालत नाही. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यावर चालतं.

परीक्षा असतात. फुटबॉलला एआयएफएफ आणि एएफसी (आशियाई महासंघ) यांची कोचिंग परवान्यांची शिडी आहे, डी, सी, बी, ए आणि वर प्रो. फुटसालची एएफसीची वेगळी शिडी, लेव्हल १, २, ३. मुलाने दोन्हीकडे पाय ठेवावा, आधी डी काढावा. आमच्याआधीचे लोक पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत डिप्लोमा करायला जायचे, तो रस्ता अजून आहे आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींत त्याला किंमत आहे. क्रीडा प्राधिकरण, जीएफडीसीची (गोवा फुटबॉल विकास मंडळाची) केंद्रं, शाळा, खासगी अकादम्या, या चार ठिकाणी काम मिळतं. पदवीबद्दल बाबांचं ऐकायला सांगा, शारीरिक शिक्षणाचीच पदवी घेतली तर दोघांचंही राहील.

गुडघ्यामुळे खेळ सुटला म्हणून कोचिंग सुटत नाही. फक्त मुलाला एक विचारा : त्याला खेळायला मिळत नाही म्हणून कोच व्हायचंय, की दुसऱ्याला शिकवताना मजा येते म्हणून? पहिल्या प्रकारचे मी पुष्कळ पाहिलेत. ते दोन वर्षांत टर्फचं बुकिंग सांभाळताना दिसतात.

सांखळीचो_भुरगो

रोनाल्डिन्यो विसरलात की काय सगळे? २०१६, प्रीमियर फुटसाल. आपल्या गोवा संघाकडून खेळला, बंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल. आणि मग लगेच गेलाच, त्याच्या जागी काफू आला. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या अख्ख्या वर्गाने ती एल्बोची हालचाल, चुकलो, 'इलास्टिको' (चेंडू एका बाजूला नेल्यासारखा करून झटक्यात दुसरीकडे ओढायची चाल) करायला जाऊन घोटे सुजवले.

आता सांगा, त्या गोवा संघाचा कोच कोण होता? मला नाही आठवत. तुम्हालाही नाही आठवणार. तिस्क सर म्हणतात छपराखाली कोचचा वाटा जास्त, पण बघणारा पाय बघतो.

बादवे, त्या लीगला एआयएफएफची मान्यता नव्हती. नंतर एआयएफएफची स्वतःची क्लब स्पर्धा आली, २०२१ मध्ये दिल्लीत पहिली, आणि भारताचा संघ आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो २०२३ मध्ये. म्हणजे आपण आत्ता कुठे सुरुवात करतोय.

न्यू_जर्सीचो_काणकोणकार

इथे हिवाळ्यात चार महिने बाहेर पाऊल टाकवत नाही. त्यामुळे छपराखालचा फुटबॉल हा इथे शौक नाही, सोय आहे. माझी मुलगी डिसेंबर ते मार्च फळ्यांच्या रिंगणात खेळते. कोच एक निवृत्त गृहस्थ, गट बदलताना स्टॉपवॉच हातात. मुलगी तक्रार करते की आता कुठे रंगात आले तर बाहेर बोलावलं. मी म्हणतो, तेच तर शिकवतायत.

न्यूमनच्या संघातलं एक नाव राहिलं, तेही आपल्या जवळचं. गोलकीपर व्हिक्टर नोगेरा. जन्म मोझांबिकमधला, आणि १९९०-९१ चा एमआयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू. गोलकीपर असून! आमच्या घरातले जुने लोक लोरेन्सु मार्किसला नोकरीला होते, आज ज्याला मापुतो म्हणतात. तिथल्या गोंयकारांच्या फुटबॉलच्या गजाली मी आजोबांच्या तोंडून ऐकल्यात. त्यामुळे ते नाव वाचलं की उगाच आपलं वाटतं.

अवांतर : इथे भिवपाची गरज ना, शवपेटीवाली गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात, हसत हसत.

जुना_म्हापसेकर

प्रेकीचा गोल मोजला. तो मुद्दा मागे घेतो.

पण माझा मूळ मुद्दा राहतोच. तो प्रेकीचा पाय होता. न्यूमनला बाहेर काय मिळालं? सॅन दिएगोत असताना उघड्या मैदानावर एनएएसएलचं एकही जेतेपद नाही. आत दहा आणि बाहेर शून्य, एकाच क्लबमध्ये, एकाच कोचकडून. यावर काय म्हणणं आहे?

मडगांव_लोकल

१९७१ चं डॅलसचं बाहेरचंच होतं की.

जुना_म्हापसेकर

सॅन दिएगो म्हटलं मी.

तिस्क_फोंडा

बिनतोड सवाल आहे, आणि टाळणार नाही. माझं उत्तर असं : ते दोन वेगळे धंदे आहेत आणि न्यूमन एकात असामान्य होता, दुसऱ्यात चांगला होता. फोर्ट लॉडरडेल आणि कॅन्सस सिटी इथला त्याचा हिशेब कुणीही चांगलाच म्हणेल. असामान्य नाही. एकात असामान्य असलेल्या माणसाला आपण दुसऱ्याच्या तराजूत का तोलतो, हे मला कळत नाही. बुद्धिबळात कुणी जलद प्रकारात जगज्जेता झाला तर त्याला "पण क्लासिकलमध्ये किती?" असं विचारणारेही भेटतात म्हणा.

पण माझ्या दृष्टीने न्यूमनच्या कारकिर्दीतली कळीची गोष्ट वेगळीच आहे. तो हुशार होता, खरं. पण हुशार माणसाला दर हिवाळ्यात लीग मिळाली. तीच जागा, तोच क्लब, तेरा-एक वर्षं. हरला तर दुरुस्त करायला पुढचा सामना चार दिवसांत. झुंगूल सॉकर्सकडे येण्याआधी समोरच्या संघात असायचा, तेव्हा कुठला गट आत सोडायचा हे पुस्तकातून कळत नाही, चाळीस-पन्नास सामन्यांच्या मोसमातून कळतं. आर्मांदो कुलासोंचंही तेच. धेंपोने त्यांना वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसू दिलं. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा नुसते क्लब गेले नाहीत, गोव्यातल्या कोचांच्या शिकायच्या जागा गेल्या. धेंपो परतले, पण मधली वर्षं कुणी भरून द्यायची?

पोर्तुगालकडे बघा, आपल्या लोकांचं तिकडे लक्ष असतंच. जोर्ज ब्राझ २०१० पासून त्यांच्या फुटसाल संघाचा कोच. पहिली आठ वर्षं हातात काही नाही. मग २०१८ चा युरो, २०२१ चा विश्वचषक (लिथुआनियात अर्जेंटिनाला २-१, दोन्ही गोल पानी व्हारेलाचे), २०२२ चा युरो. २०२४ च्या विश्वचषकात कझाकस्तानने लवकर घरी पाठवलं, तरी ब्राझ जागेवर. स्पोर्टिंग लिस्बनचा नुनो दियाश २०१२ पासून तिथेच, २०१९ आणि २०२१ ला युरोपचा चषक. आपल्याकडे आठ वर्षं रिकाम्या हाताच्या कोचला कोण ठेवील?

सांखळीचो_भुरगो

+१. आमच्या गावच्या संघाने दोन वर्षांत चार कोच बदलले. त्यातला एक स्पर्धेच्या मध्यंतरात.

पेडणेकर

मध्यंतरात? म्हणजे तोही चालू खेळातला बदल म्हणायचा.

डिचोलीचा_रेफ्री

तिस्कबाब, लीग हवी ते खरं, पण लीग खेळवणार कुठे? हॉल आहेत की. नावेलीचं मनोहर पर्रीकर इनडोअर, म्हापशाचं पेडे, ताळगावचं श्यामाप्रसाद मुखर्जी, फोंड्याचं संकुल. कागदावर राज्यात जागेचा दुष्काळ नाही. प्रत्यक्षात बॅडमिंटनवाले आधीपासून, मग टेबल टेनिस, मग कुणाचं तरी अधिवेशन. ताळगावला तर इफ्फीचे सोहळेसुद्धा होतात. फुटसालला सलग चार शनिवार कोण देतो?

एका ठिकाणी (नाव नको) आम्हाला स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं की लाकडी तळ खराब होईल, फुटबॉल चालणार नाही. फुटसालचे बूट सपाट तळाचे, डाग न पडणारे असतात, हे समजावताना रात्रीचे नऊ वाजले. शेवटी बाहेरच्या काँक्रीटच्या बास्केटबॉल कोर्टवर स्पर्धा झाली आणि दुसऱ्या सामन्यात पाऊस आला.

वाळपईची_शुभदा

तिस्क सर, उत्तराबद्दल आभार. मुलाला तो प्रश्न विचारला. त्याने लगेच उत्तर नाही दिलं, दुसऱ्या दिवशी म्हणाला की शेजारच्या दोन भुरग्यांना तो संध्याकाळी पायाच्या तळव्याने चेंडू थांबवायला शिकवतो आणि त्यातल्या एकाला आता जमायला लागलंय. मला यातलं फार कळत नाही, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे का?

तिस्क_फोंडा

आहे, ताई. तळव्याने थांबवणं हा फुटसालचा श्रीगणेशा आहे आणि त्याने तो आपण होऊन निवडलाय. त्याला शनिवारी दुपारी आमच्या सरावाला पाठवा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. खेळायला नाही. रेफ्रीबाबांचं ऐकून एक काम देतो : वही घेऊन बसायचं आणि दोन्ही संघांचे फाउल मोजायचे, पाचवा झाला की मला सांगायचं. पुढच्या शनिवारी गट बदलायच्या वेळा लिहायला देईन.

डिचोलीचा_रेफ्री

हे उत्तम. वहीत वेळही लिहायला सांगा, नुसता आकडा नको. पाचवा फाउल बाराव्या मिनिटाला झाला की अठराव्या, यावर पुढचं सगळं ठरतं.

जुना_म्हापसेकर

शनिवारी मी फोंड्याला आहेच, भाचीकडे. येऊन बघतो. पण फळ्या दिसल्या तर परत जाईन.

तिस्क_फोंडा

फळ्या नाहीत, बाब. जाळी आहे, आणि तिला लागला की बाहेर.

गोलकीपरला पुढे काढून पाचवा खेळाडू करण्याच्या डावावर दोघा-तिघांनी व्यनितून विचारलंय. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.